रातकिड्यांचा चार्ज

सिस्टरांच्या घरात शिरायचं तर आधी कोपरापर्यंत हात धुवावे लागत. दाराच्या आत डाव्या हाताला बादली, तांब्या आणि बिनवासाचा साबण ठेवलेला असे. हात धुऊन झाले की त्या आलेल्याचं मनगट धरून नाकाशी नेत आणि हुंगत. डासांचं मलम, अत्तर, पावडर, काहीही जाणवलं की एकच वाक्य, "उद्या या, अंघोळ करून." आमच्या सोसायटीचे चेअरमन असे तीनदा परत गेले. ते खाडीकाठच्या गावातले. नेरूळचा हा आमचा सेक्टर त्यांच्या भावकीच्या शेतांवर उभा आहे. त्या जमिनीवरच्या इमारतीत आपल्याला कुणी दारातून परत पाठवेल हे त्यांच्या कल्पनेतही नव्हतं.

"सिस्टर, मी चेअरमन हाय," ते म्हणाले.

"मलम लावलेले चेअरमन आहात," सिस्टर म्हणाल्या. "आत सातशे जीव आहेत. तुमचा एक हात टबात गेला तर संध्याकाळपर्यंत साफ."

जीव म्हणजे रातकिडे. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात, जिथे इतरांचा सोफा आणि टीव्ही असतो त्या हॉलमध्ये, सिस्टर रातकिडे पाळत, त्यांची वीण करत आणि मोठे झाले की पक्ष्यांना खायला पाठवत. हे मी सरळ सांगून टाकतो, कारण आमच्याकडे नवा भाडेकरू आला की त्याला हे तीनदा सांगावं लागायचं. पहिल्यांदा त्याला झुरळं वाटत, दुसऱ्यांदा तो हसे आणि तिसऱ्यांदा विचारी, "पण का?"

कारण पाकोळ्या, हवेत भिरभिरणारे ते छोटे काळे पक्षी. स्टेशनाच्या उंच छताखाली, उड्डाणपुलांच्या पोटाला पाकोळ्या पिसांगवताची घरटी करतात. रंगकाम किंवा सफाई निघाली की ती खरवडली जातात आणि पिल्लं फरशीवर पडतात. ड्यूटीवरून परतताना सिस्टरांना असंच एक पिल्लू मिळालं होतं. पनवेलकडे पक्ष्यांचा छोटा दवाखाना आहे, तिथे त्या ते घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, याला दाणा चालत नाही, दूधपोळी चालत नाही, किडेच लागतात आणि तेच मिळत नाहीत. वाशीच्या एका शोभेच्या माशांच्या दुकानात रातकिडे डब्यातून मिळत. सिस्टरांनी एक डबा आणला. उघडला तर निम्मे मेलेले.

"शिळं अन्न मी पेशंटला कधी दिलं नाही," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी सोफा विकला.

त्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात नर्स होत्या. वॉर्डच्या इन्चार्ज म्हणून निवृत्त झाल्या. मूळच्या रायगडातल्या, घरच्या कोनाड्यात बुद्धाची पितळी मूर्ती, तिच्यापुढे रोज एक फूल. लग्न केलं नव्हतं. माझ्या बायकोने एकदा धीर करून विचारलं तर म्हणाल्या, "ड्यूटी लागली होती." पुढचं विचारायची सोय त्यांनी ठेवली नाही. इमारतीत कुणाला ताप आला, साखर वाढली, की आधी सिस्टर. इंजेक्शन देताना त्या कधी "दुखणार नाही" म्हणायच्या नाहीत. "दुखेल. हलू नका," म्हणायच्या.

हॉलमध्ये आठ मोठे प्लास्टिकचे टब, प्रत्येकावर स्टीलची बारीक जाळी. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे रचलेले, कारण रातकिड्यांना लपायला फटी लागतात. पाणी वाटीत ठेवलं तर पिल्लं बुडतात, म्हणून ओल्या कापसाचे बोळे. एका टबात ओलसर नारळाच्या भुशाचा डबा, त्यात माद्या अंडी घालत. तो बाळंतिणींचा वॉर्ड. हिवाळ्यात त्याच्यावर पिवळा दिवा. मी एकदा कौतुकाने म्हणालो, "सिस्टर, इस्पितळच उघडलंत की."

"इस्पितळ पनवेलला," त्या म्हणाल्या. "इथे फक्त डाएट डिपार्टमेंट आहे. पेशंट ते, हे जेवण. घोटाळा करू नका."

त्यांना हा घोटाळा अजिबात खपत नसे. रातकिड्यांना त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत, कुणी "किती गोड" म्हणालं तर त्या वळूनही बघत नसत. पण जेवण म्हणून ते कसेही ठेवावेत हेही त्यांना चालत नसे. चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त बँकवाल्यांनी एकदा जिन्यात गाठून टोमणा मारला, "सिस्टर, तुमच्याकडे तर पंचशील. प्राणीहत्या नाही. मग मारण्यासाठीच पाळायचे हे कुठलं शील?"

"पंचशील मी घेतलंय, पाकोळीने घेतलेलं नाही," सिस्टर म्हणाल्या. "तिला समजावता आलं तर बघा. मराठीत बोला, इथलीच आहे ती."

माझं घर बरोबर त्यांच्या खाली. त्यामुळे आवाजाबद्दल बोलायचा अधिकार मला सगळ्यांत जास्त. गातात फक्त नर, तेही पंख फुटल्यावर. नाव रातकिडे असलं तरी सिस्टरांच्या दिव्यांखाली त्यांना दिवसरात्र कळेनासं झालं होतं. इमारतीत म्हणत, सिस्टरांकडे तीन शिफ्टमध्ये काम चालतं. मी आकड्यांचा माणूस आहे. ऐकीव तक्रार करणं मला पटत नाही. म्हणून मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप घेतलं आणि आठवडाभर झोपायच्या खोलीत, ठरलेल्या जागी, पंखा बंद करून नोंद केली. ती घेऊन वर गेलो, हात धुतले आणि दाखवली. सिस्टरांनी चष्मा लावून सगळी वाचली. मग म्हणाल्या, "चला, ऐकते." खाली आल्या, आमच्या पलंगावर आडव्या झाल्या, डोळे मिटले. माझी बायको दारात उभी राहून बघत होती. पाचेक मिनिटांनी उठल्या.

"येतो आवाज," त्या म्हणाल्या. "खरी तक्रार आहे तुमची."

"मग?"

"मग काय? खरी आहे. मी खोटी म्हटली का?"

आणि चप्पल घालून वर गेल्या. चहाही घेतला नाही. बायको म्हणाली, "अहो, ही बाई माफी मागून गेली की दम देऊन?"

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक रातकिड्यांचा आवाज रेकॉर्ड करून टाकत. सिस्टर त्या ग्रुपवर होत्या, सगळं ऐकत आणि कधीतरी उत्तर देत, "हा आपल्याकडचा नाही. हा बागेतला आहे. आपल्यांचा स्वर याहून बारीक."

एका पावसाळ्यात पालकाचं प्रकरण झालं. त्या भाजी खूप धुऊन टाकायच्या, तरी एका टबातले सगळे रातकिडे सकाळी उताणे पडले. आदल्या दिवशी दारातल्या हातगाडीवरून घेतलेला पालक. सिस्टरांनी ग्रुपवर दोन ओळी टाकल्या, कालच्या गाडीचा पालक खाऊ नका, माझ्याकडचे मेले. त्या गाडीचा पालक सहा घरांत गेला होता. दोन घरांत जेवणं आटोपली होती, एका घरात पालक पनीर गॅसवर होतं. इमारतीत जो गलका झाला तो मी शब्दांत सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवसापासून बायका भाजी घेऊन दुसऱ्या मजल्यावर जाऊ लागल्या. मेथीची चार पानं, कोथिंबिरीची काडी, कोबीचा एक पापुद्रा. "सिस्टर, एवढं जरा टाकून बघा ना." कालपर्यंत ज्यांना त्या आवाजाने डोकेदुखी होत होती, त्या जिन्यात एकमेकींना विचारत, "खाल्लं का गं त्यांनी?" खाल्लं आणि जगले, की भाजी चुलीवर. सिस्टर सांगून थकल्या, "अहो, त्याचं वजन किती, तुमचं किती! तो मेला म्हणजे तुम्ही मराल असं नाही, आणि तो जगला म्हणजे तुम्ही जगाल असंही नाही." कुणी ऐकलं नाही. आमच्या घरातूनही पानं जात होती. मी बायकोला प्रमाणाचं गणित समजावलं, ती म्हणाली, "तुमचं गणित खरं असेल. पण पालक मी खाते."

शेवटी सिस्टरांनी म्हाताऱ्या रातकिड्यांचा एक टब बाजूला काढला, जे तसेही चार दिवसांचे सोबती. "हे रिटायर स्टाफ," त्या म्हणाल्या. "एवढ्यांवर काय ते करा. बाकीच्यांना हात लावाल तर बघा."

त्याच वर्षी चेअरमननी सर्वसाधारण सभेत विषय ठेवला, रातकिडे घरातून हलवण्याचा. मी सेक्रेटरी, मसुदा माझाच. आमचे वीस फ्लॅट, प्रत्येकाचं एक मत. सभेआधी मी मनाशी बेरीज केली तर सिस्टर आरामात जिंकत होत्या. ज्या घरांतून भाजी वर जात होती ती बारा घरं त्यांना बाहेर कशाला काढतील? चेअरमनही हे ओळखून होते. "सेक्रेटरी, पालकनी मारला आपल्याला," ते मला म्हणाले.

सभेच्या दोन दिवस आधी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मेथी घेऊन गेल्या. सिस्टर फोनवर होत्या. वहिनींनी घाईत पानं चुकीच्या टबात टाकली. पनवेलला जायचा होता तो टब. सकाळपर्यंत सगळा गेला. दवाखान्यात त्याच दिवशी एका पुलाखालची पिल्लं आली होती. मी हे पक्कं सांगतो, कारण रिक्षा मिळेना म्हणून उरलेल्या टबांतून वेचलेल्या दोन बरण्या घेऊन सिस्टरांना माझ्या गाडीवरून मीच नेलं. तिथे खोक्यात ओळीने बसलेली काळी पिल्लं होती. अंगाच्या मानाने तोंडं फार मोठी. डॉक्टरीणबाई चिमट्याने रातकिडा पुढे करत, तोंड उघडे, बंद होई, पुन्हा उघडे. बरण्या संपल्या तेव्हाही चार तोंडं उघडीच होती. सिस्टर ती चार तोंडं मिटेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. परत येताना नेरूळ जवळ आलं तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "चूक माझी. वॉर्डात नातेवाईक घुसू दिले."

सभा तळमजल्यावर, सायकली बाजूला सारून. सिस्टर धरून सतरा मतदार हजर. चेअरमननी प्रस्ताव मांडला. "आमचे शेतान पन रातकिडे व्हते, सिस्टर. पन ते शेतानच व्हते. दुसरे माल्यावर कोनी चढवले नव्हते."

"तेव्हा दुसरा माळा नव्हता," सिस्टर म्हणाल्या. "माळा तुम्ही आणलात, मी रातकिडे आणले." लोक हसले, चेअरमनही हसले. हवा त्यांच्या बाजूची होती. मी मतदान पुकारणार तेवढ्यात त्या उभ्या राहिल्या.

"मत देण्याआधी एक ऐका. उद्यापासून माझ्याकडे भाजी तपासली जाणार नाही. रिटायर स्टाफवरही नाही. कुणीही पान घेऊन वर यायचं नाही. आलात तर दार उघडणार नाही."

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "सिस्टर, माझ्याकडून चुकून झालं हो. सगळ्यांना का शिक्षा?"

"शिक्षा नाही, बाळा. ते पक्ष्यांचं जेवण आहे. खाल्लं जाऊन मरणं हे त्यांचं काम. तुमच्या मेथीसाठी फुकट मरणं हे त्यांचं काम नाही."

माझ्या शेजारी बसलेली बायको हळूच म्हणाली, "बाई, हे उद्या सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?" सिस्टरांना ते ऐकू गेलं.

"उद्या सांगितलं असतं तर आजची मतं पालकाची झाली असती," त्या म्हणाल्या. "मला रातकिड्यांची हवीत. घ्या मत, सेक्रेटरी."

मी मत घेतलं. हलवण्याच्या बाजूने नऊ, विरोधात सात. सिस्टरांनी स्वतः मत दिलं नाही. "माझ्या वॉर्डाचा विषय आहे, मी बसते," म्हणाल्या. त्या नवांत एक हात माझा होता. मी मोजमाप केलं होतं, आवाज येत होता, तक्रार खरी आहे हे त्यांनीच मान्य केलं होतं. आज मत घेतलं तरी माझा हात वर जाईल. माझ्या बायकोला मत नव्हतं, नाहीतर आमच्या घराची दोन्ही बाजूंना बेरीज झाली असती.

सभा सुटल्यावर सिस्टर त्या सात जणांकडे बघून म्हणाल्या, "सात. बरे आहेत की. मला पाच वाटले होते."

ठरावात लिहिलं होतं, फ्लॅटधारकाने रातकिडे महिनाभरात हलवावेत, न हलवल्यास कमिटीने हलवावेत. महिना गेला. वरून आवाज सुरूच. चेअरमन म्हणाले, "तुमीच जा सेक्रेटरी. मना ती दारान पन घेनार नाय."

मी गेलो. हात धुतले, हुंगून घेतले, ठरावाची प्रत दिली. सिस्टरांनी ती उभ्यानेच वाचली.

"'न हलवल्यास कमिटीने हलवावेत.' हे वाक्य तुमचं?"

"हो."

"चांगलं आहे. स्पष्ट आहे." त्यांनी भिंतीवरचा ॲप्रन काढून माझ्यापुढे धरला. "घ्या चार्ज."

"कसला चार्ज?"

"वॉर्डाचा. नोकरीत रिलीव्हर आल्याशिवाय मी एकदाही वॉर्ड सोडलेला नाही. एका पावसात सगळीकडे पाणी भरलं, बदलीची नर्स दोन दिवस पोचली नाही, तर दोन दिवस मी तिथेच. कुणाच्या तरी हातात दिल्याशिवाय नर्स घरी जात नाही. तुमचा ठराव मला मान्य नाही, पण कळला आहे. कमिटीने हलवायचे म्हणता, तर कमिटीने हातात घ्यायचे. ऐका नीट."

आणि त्यांनी मला टबाटबाने चार्ज दिला. कुठल्या टबात कितव्या दिवसांची पिल्लं, कापूस ओला पण ठिबकता नको, प्रथिनं कमी पडली की एकमेकांना खातात, कात टाकलेला पांढराफटक असतो त्याला मेलेला समजून फेकायचं नाही. मला सगळं समजत होतं आणि तेच वाईट होतं. सगळ्यांत शेवटी त्या आठव्या टबाशी थांबल्या. "यातून रोज सकाळी बरण्या भरून पनवेलला. सध्या तिथे अकरा पेशंट आहेत. एक खाडा केलात तर अकराच्या अकरा तोंडं तुमच्या नावाने उघडतील. काही शंका?"

"मी हे ठेवू कुठे?"

"ते ठरावात नाही. मसुदा तुमचा."

मी चेअरमनना फोन लावला आणि सिस्टरांना ऐकू जाईल असा ठेवला. "काका, सिस्टर म्हणतात चार्ज घ्या."

"घ्या ना मंग! खाडीन टाका न मोकले व्हा."

सिस्टर फोनकडे वाकल्या. "चेअरमन, 'हलवावेत' लिहिलंय, 'मारावेत' नाही. मारायचे असतील तर पुन्हा सभा बोलवा, तसा ठराव करा. आणि टाकताना नऊच्या नऊ जण टबाला हात लावा. मी समोर उभी राहीन."

मग चेअरमन म्हणाले, "सेक्रेटरी, तुमी खाली या. जेवाची येल झाली."

ॲप्रन मी परत खुंटीला लावला. नंतर कमिटीतले आणखी दोघे जाऊन आले. दोघांनाही तसाच पूर्ण चार्ज समजावला गेला, दोघेही नम्रपणे खाली आले. पुढच्या वर्षीच्या सभेत मी मागल्या ठरावांची अंमलबजावणी वाचायला घेतली, तर त्या विषयावर सिस्टर स्वतः उठल्या. "कमिटीकडून रिलीव्हर आला नाही. ड्यूटी चालू आहे." आणि बसल्या. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. त्याच्याही पुढच्या. मी दरवेळी ते इतिवृत्तात घेतलं. जे बोललं गेलं ते लिहायचं, एवढंच सेक्रेटरीचं काम.

मग इमारत पुनर्विकासाला गेली. सगळे भाड्याच्या घरांत पांगणार होते. सिस्टरांनी पनवेलला दवाखान्याच्या मागेच खोली घेतली. जुन्या इमारतीतली शेवटची सभा भरली तेव्हा अर्धं सामान बांधून झालं होतं. लोक हळवे झाले होते. तो विषय आला तसे चेअरमन उभे राहिले.

"सिस्टर, आता समदेच जातावं. जाताना मनान काय नको. तो ठराव आपन सगले मिलून रद्द करू. मी सवता मांडतो."

टाळ्या वाजल्या. नवांतल्या बऱ्याच जणांनी वाजवल्या, मीही वाजवल्या. सिस्टर टाळ्या थांबेपर्यंत थांबल्या.

"रद्द कशाला?" त्या म्हणाल्या. "नऊ जणांनी शुद्धीत हात वर केले होते. तक्रार खरी होती, ठराव रीतसर होता. तो राहू दे. आणि मी तो एक दिवसही मानला नाही, तेही राहू दे. सेक्रेटरी, दोन्ही लिहा."

चेअरमन माझ्याकडे बघू लागले. मी पेन उघडलं आणि दोन्ही लिहिलं.